पंचवीस टक्क्यांचा अमोनिया घरात आलाय, आता?

प्रश्न: पाडव्याआधी घर काढायला घेतलंय. काचा आणि स्वयंपाकघरातला चिकट थर अमोनियाने छान निघतो असं कळलं, म्हणून इतवारीतल्या केमिकलच्या दुकानातून अर्ध्या लिटरची बाटली आणली. तिच्यावर ‘लिकर अमोनिया, २५ टक्के’ असं लिहिलंय. झाकण जरा सैल केलं तर डोळ्यांतून पाणीच आलं. यात पाणी किती घालायचं? शेजारच्या काकू म्हणतात, यातच ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर टाकलं की एका बादलीत सगळं घर निघतं. तसं करू का? कूलरच्या टाकीत पांढरा थर बसलाय, तो याने जाईल का? गुढीचा तांब्या, समई, शेगडीचे बर्नर यात बुडवले तर चालतील? आणि वास उडाला की दम गेला असं समजायचं का? घरात सासूबाईंना दमा आहे.
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर: ताई, काकूंची बादली आधी रद्द करा, बाकीचं मग बोलू.

ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं पाणी. ते अमोनियात पडलं की क्लोरामाइन वर्गातले वायू तयार होतात. डोळे झोंबतात, घसा धरतो, खोकल्याची उबळ थांबत नाही, आणि बंद बाथरूममध्ये जास्त वेळ गेला तर फुप्फुसांत पाणी होण्यापर्यंत गोष्ट जाते. ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर ही जोडी त्याहून वाईट. संडास धुण्याच्या निळ्या-हिरव्या बाटल्यांत बहुधा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं आणि ॲसिड ब्लीचमधून सरळ क्लोरीन मोकळा करतं. राहिली अमोनिया आणि ॲसिडची जोडी. तिच्यातून विषारी वायू नवा तयार होत नाही, पण पांढरा धूर उठतो, मिश्रण तापतं, उसळू शकतं, आणि शेवटी उरतो तो नवसागर. कल्हईवाला तापल्या भांड्यावर टाकतो, तोच. म्हणजे दोन बाटल्यांचे पैसे मोजून नवसागराचं पाणी केलं. त्याने तेलकटपणाही जात नाही आणि क्षारही जात नाहीत.

‘तीन जालीम वस्तू एकत्र केल्या की तिप्पट जालीम’ हा हिशेबच चुकीचा आहे. चिकटपणाला अल्कली (सोड्यासारखा, ॲसिडच्या उलट गुणाचा पदार्थ) लागते, क्षारांना ॲसिड लागतं आणि जंतूंना ब्लीचसारखं काहीतरी. तिघांना एका बादलीत घातलं की ते एकमेकांनाच खातात. बेकिंग सोड्यात व्हिनेगर ओतून फेस काढणारे व्हिडिओ याच जातीचे. तिथे निदान जीवावर बेतत नाही एवढंच.

मुद्दाम मिसळणारे कमीच असतात; नकळत मिसळणारे जास्त. सकाळी ब्लीचिंग पावडर टाकून मोरी घासली, दुपारी तोच पोछा, तीच बकेट अमोनियाला घेतली, की झालं. ब्लीचिंग पावडरही त्याच कुळातली, हे लक्षात राहत नाही. तसंच लघवीचे जुने डाग बसलेल्या संडासाच्या भांड्यावर ब्लीच ओतलं की नाकाला झिणझिण्या येतात, कारण लघवीतल्या युरियाचा जंतूंनी आधीच अमोनिया करून ठेवलेला असतो. तिथे आधी भरपूर पाणी ओता, मग ब्लीच. अमोनियाचं काम आणि ब्लीचचं काम वेगवेगळ्या दिवशी करा, आणि पोछे व बकेटही वेगळे ठेवा.

आता तुमच्या बाटलीकडे. अमोनिया हा मुळात वायू आहे, नायट्रोजनचा एक अणू आणि हायड्रोजनचे तीन. पाण्यात तो विलक्षण विरघळतो, पण त्यातला फार थोडा भाग पाण्याशी खरोखर जोडला जाऊन अल्कली बनतो. पाच टक्क्यांच्या द्रावणात साधारण ४०० रेणूंमागे एक. बाकीचे ३९९ नुसते विरघळून बसलेले असतात, वाट मिळेल तेव्हा हवेत जायला तयार. तुमच्या डोळ्यांत पाणी आणलं ते यांनीच.

घरगुती अमोनिया म्हणून जे वापरलं जातं ते ५ ते १० टक्क्यांचं असतं. तुमच्याकडे आलाय तो प्रयोगशाळेतला आणि कारखान्यातला माल. २५ टक्क्यांचं द्रावण सुमारे ३८ अंश सेल्सिअसला उकळतं. महाबळेश्वरच्या वाचकाला हा आकडा नुसता वाचून सोडता येईल; नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. म्हणजे स्लॅबखालच्या माळ्यावर ठेवलेली बंद बाटली उकळबिंदूच्या वर बसलेली असेल. फुगलेली बाटली, उघडताच तोंडावर उडणारा फवारा, हे अपघात होतात ते असे. म्हणून ही बाटली उन्हाळ्यासाठी साठवू नका. आताच, हवा बरी आहे तोवर, सगळी पातळ करून टाका.

रीत अशी. काम गच्चीवर किंवा मोकळ्या गॅलरीत, सकाळी लवकर. बाटली न उघडता अर्धा तास गार पाण्याच्या बकेटीत उभी ठेवा. रबरी हातमोजे, आणि डोळ्यांना बाजूने बंद असलेला चष्मा. साधा नंबरचा चष्मा पुरत नाही. तोंडाला लावायचा कापडी किंवा एन-९५ मास्क इथे कामाचा नाही, कारण तो धूळ अडवतो, वायू नाही. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहा म्हणजे वास पुढे निघून जाईल. अडीच लिटर भरूनही चौथा हिस्सा रिकामा राहील असा जाड प्लास्टिकचा कॅन घ्या, त्यात आधी २ लिटर पाणी भरा आणि मग नरसाळ्याने बाटलीतला अर्धा लिटर अमोनिया त्यात सोडा. पाण्यात अमोनिया, अमोनियात पाणी नाही. उलटं केलं तर तीव्र द्रावण खळबळून तोंडाकडे वास उसळतो. २५ टक्क्यांचं द्रावण पाण्याहून हलकं असतं, लिटरला साधारण ९१० ग्रॅम. त्यामुळे एकास चार मापाने मिसळलं की नेमके पाच नाही, साडेचारच्या थोडं वर टक्के होतात. घरकामाला ते उत्तम. यापुढे याला ‘कॅनमधलं’ म्हणू.

आणखी तीव्र ठेवलं तर काम लवकर होईल असं वाटणं साहजिक आहे. आकडे मात्र वेगळं सांगतात. पाच टक्क्यांच्या द्रावणाचा पीएच, म्हणजे अल्कलीची तीव्रता सांगणारं माप, ११.८ च्या आसपास (या मापात एक अंक उतरला की तीव्रता दहापट घटते). तेच दहापट पातळ केलं तर पीएच उतरतो फक्त ११.३ पर्यंत, कारण पाणी वाढलं की अमोनियाचा मोठा हिस्सा अल्कली बनतो. म्हणजे साफ करण्याची ताकद एक-तृतीयांशाच्या आसपास राहते आणि नाकातोंडात जाणारा वायू मात्र दहाव्या हिश्शावर येतो. हा सौदा प्रत्येक वेळी फायद्याचा. जो पातळ करून वापरत नाही तो पैसे हवेत सोडतो.

वासाबद्दल तुमची शंका अगदी बरोबर आहे. इतर बहुतेक क्लीनरचा वास म्हणजे नुसतं अत्तर. इथे वास म्हणजेच माल. उघड्या वाटीत ठेवलेला अमोनिया दुसऱ्या दिवशी जवळजवळ साधं पाणी असतो. खात्री करायला स्वयंपाकघरातलीच वस्तू पुरते. चिमूटभर हळद पाण्यात कालवून पांढऱ्या कागदाच्या दोन पट्ट्यांवर फासा आणि वाळू द्या. एक पट्टी जरा ओली करून कॅनच्या उघड्या तोंडावर बोटभर अंतरावर धरा. द्रावणाला न शिवताच पिवळा रंग विटकरी लाल होतो. हळदीत चुना घालून कुंकू होतं ते याच गुणाने. आता ती पट्टी हवेत बाजूला ठेवा: काही मिनिटांत लाली कडेपासून ओसरते आणि पट्टी पुन्हा पिवळी होते, कारण अमोनिया उडून गेला. दुसऱ्या पट्टीवर धुण्याच्या सोड्याच्या पाण्याचा थेंब टाका; तो डाग वाळला तरी लालच राहतो. कॅनच्या तोंडावर धरलेली पट्टी लाल होईनाशी झाली की द्रावण बदलायची वेळ आली. एक धोक्याची गोष्ट: तासभर काम केल्यावर वास ‘कमी झाला’ असं वाटतं, तेव्हा बऱ्याचदा हवा सुधारलेली नसते, नाक सरावलेलं असतं. पट्टी सरावत नाही.

अमोनियाचा सगळा मोठेपणाही या उडून जाण्यातच आहे. काचेवर तो मागे काहीच ठेवत नाही. सोड्याच्या पाण्याने काच पुसली तर वाळल्यावर पांढरी रेघोटी दिसते, कारण सोडा तिथेच राहतो. काचेसाठी १ लिटर पाण्यात कॅनमधलं ३० मिली, म्हणजे दोन मोठे चमचे, आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब. दोन थेंब टाकलेत तर पुन्हा ओघळ दिसतील. तुमच्याकडे बोअरचं पाणी असेल तर ते इथे वापरू नका. त्यातले क्षार काचेवर ठिपके सोडतात. नळाचं चालेल, आरओचं त्याहून चांगलं. फवारा कापडावर मारा, काचेवर नाही. आरशाला हे विशेष पाळा, कारण कडेतून ओल मागे शिरली की मागचा थर काळवंडतो आणि तो डाग कायमचा. टीव्ही, लॅपटॉप, ॲक्रिलिक, पॉलिश केलेलं लाकूड आणि गाडीच्या काचेवरची फिल्म, यांच्याजवळ अमोनिया नेऊच नका.

चिकट थराचं रसायन जरा वेगळं आहे. फोडणीचं तेल वाफेबरोबर उडून टाइल्सवर, एक्झॉस्ट फॅनवर बसतं, हवेने आणि उष्णतेने हळूहळू तुटतं आणि त्यातून स्निग्धाम्लं मोकळी होतात. अल्कली त्या आम्लांना धरून साबण बनवते आणि तो साबण उरलेलं तेल उचलतो. अमोनियाचा हा साबण मात्र कच्चा असतो. वाळला की त्यातला अमोनिया उडतो आणि स्निग्धाम्ल पुन्हा भिंतीला चिकटतं. ‘लावून ठेवलं, नंतर पुसलं, तरी चिकट ते चिकटच’ ही तक्रार इथूनच येते. १ लिटर कोमट पाण्यात कॅनमधलं १०० मिली घ्या. कोमटच, गरम पाण्यात वायू भराभर निघतो. हातभर जागा ओली करा, पाच मिनिटं थांबा, ओलं असतानाच पुसा आणि मग पुढची जागा घ्या. अख्खी भिंत एकदम भिजवू नका. एक्झॉस्ट फॅनची वीज आधी मेन स्विचवरून बंद करा. पाती काढून धुवा, मोटरवर फवारा नको, आत तांब्याची तार आहे. ॲल्युमिनियमची पाती असतील तर ओली ठेवू नका, निस्तेज पडतात.

खरं सांगायचं तर टाइल्सना अमोनियाची गरजच नाही. लिटरभर गरम पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा, वर साध्या पाण्याने पुसणं, एवढ्यात काम होतं आणि सासूबाईंना त्रास नाही. अमोनिया राखून ठेवा तो दुसऱ्या एका कामासाठी: शेगडीवरच्या लोखंडी किंवा स्टीलच्या जाळ्या, ज्यांवर वर्षानुवर्षांचं तेल जळून डांबरासारखं बसलंय. जाळ्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत घाला, आत एका स्टीलच्या वाटीत कॅनमधलं ६० मिली ठेवा. द्रव जाळीला लागला नाही तरी चालतं, काम वाफच करते. पिशवीचं तोंड घट्ट बांधून रात्रभर गॅलरीत ठेवा, मुलं आणि मांजर पोचणार नाही अशा जागी. सकाळी तोंड बाजूला करून पिशवी उघडा, दहा मिनिटं लांब राहा, मग जाळ्या साबणाने घासा. थर पापुद्र्यांनी सुटून येतो.

या पिशवीत पितळी बर्नर मात्र चुकूनही टाकू नका. अमोनिया, पाणी आणि हवा एकत्र आली की तांबं विरघळायला लागतं आणि पाण्याला गडद, फार सुरेख निळा रंग येतो. तो रंग म्हणजे तुमच्या बर्नरचं तांबं. पितळेचं आणखी एक दुखणं आहे, जे डोळ्यांना दिसत नाही. ठोकून किंवा दाबून घडवलेल्या पितळेत ताण शिल्लक असतो, आणि अमोनियाच्या संगतीत तिथे बारीक तडे जातात. इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानात पावसाळाभर तबेल्यांत ठेवलेली पितळी काडतुसं आपोआप तडकायची. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया हे त्याचं कारण १९२१ साली ब्रिटिश धातुशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. तांब्या, समई, घंटा अमोनियाने क्षणभर लखलखतात हे खरं, कारण वरचा काळा थर विरघळतो. पण त्या चमकेची किंमत भांडं देतं. गुढीच्या तांब्याला चिंच आणि मीठ, नाहीतर पितांबरी. लगेच धुऊन कोरडा पुसा. बर्नरला गरम पाणी, भांड्यांचं लिक्विड आणि छिद्रांसाठी टाचणी.

कूलरसाठी तर अमोनिया अगदी निरुपयोगी. टाकीतला पांढरा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर दिवसाला किती पाणी उडवतो ते तुम्हाला सांगायला नको. तो थर स्वतःच अल्कलीच्या बाजूचा आहे. अमोनियाने तो हलणार नाही. त्याला ॲसिड हवं: लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड म्हणजे लिंबूसत्त्व. फायबरच्या टाकीत, पंपावर, पाण्याच्या नळ्यांत अर्धा तास राहू द्या. बुडबुडे थांबले की घासून धुवा. पत्र्याची टाकी असेल तर पाच-दहा मिनिटांवर ठेवू नका, कारण पत्र्यावरचा जस्ताचा लेप ॲसिडही खातं आणि अमोनियाही खातो. कूलरच्या बाजूच्या ताट्या जुन्या, खरखरीत झाल्या असतील तर बदलाच. आणि कूलरमध्ये अमोनियाचा अंश जरी राहिला तर पंखा तो घरभर फेकणार, हे वेगळं सांगायला हवं का? आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून कोरडी करा, ते डेंग्यूच्या डासांसाठी.

जंतू मारायला अमोनियावर भरवसा ठेवू नका. त्याने स्वच्छता होते, निर्जंतुकीकरण नाही.

सासूबाईंबद्दल: ज्या दिवशी अमोनियाचं काम असेल त्या दिवशी त्या घरात नसलेल्या बऱ्या. दम्याच्या माणसाला थोडा वासही पुरतो. अमोनिया हवेपेक्षा हलका, वर चढतो, म्हणून खिडक्यांबरोबर वरचे झरोके उघडे हवेत आणि एक्झॉस्ट चालू. क्लोरीन उलट जड असतो, जमिनीलगत साचतो. कधी चुकून ब्लीच-अमोनिया एकत्र झालंच तर वाकून मोरीत पाणी ओतत बसू नका. दार उघडं टाकून सगळ्यांनी बाहेर पडा. खोकला, छातीत घट्टपणा राहिला तर नागपूरच्या मेडिकल कॉलेज किंवा मेयो रुग्णालयाच्या अपघात विभागात जा, १०८ ला फोन करा. काही वेळा त्रास काही तासांनी वाढतो, म्हणून ‘आता बरं वाटतंय’ यावर थांबू नका. द्रावण डोळ्यात उडालं तर लगेच नळाखाली, पापण्या उघड्या धरून, किमान १५ ते २० मिनिटं. ॲसिडपेक्षा अल्कली डोळ्यात खोल आणि पटकन शिरते, म्हणून आधी पाणी, दवाखाना नंतर. पोटात गेलं तर उलटी करवू नका. तोंड धुवा, शुद्ध असेल तर घोटभर पाणी, आणि थेट दवाखाना.

पातळ केलेला कॅन पाऊण भागच भरलेला असू द्या, नाहीतर दोन कॅन करा. झाकण प्लास्टिकचं, पितळी नको. जागा जमिनीजवळ, सावलीत, स्वयंपाकघर आणि देवघर सोडून; ब्लीच व टॉयलेट क्लीनर ज्या कपाटात असतील त्या कपाटात नाही. कोल्ड्रिंकच्या किंवा पाण्याच्या बाटलीत कधीच भरू नका. मोठ्या अक्षरांत मराठीत लिहा: ‘अमोनिया ५ टक्के, ब्लीचसोबत नको’, आणि खाली तारीख. रिकामी मूळ बाटली तीन-चार वेळा पाण्याने विसळा, विसळलेलं पाणी त्याच कॅनमध्ये घ्या. पुढच्या वेळी दुकानात ५ टक्क्यांचंच मागा. न मिळालं तर सोड्यावर भागवा. या घरात त्याने फारसं काही अडत नाही.